एका दिवसाची दुबई

जुन्नरला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत सात वर्षं भाड्याने राहिले, त्यांना गावात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची नोकरी झाली, त्यातली शेवटची काही वर्षं जुन्नरच्याच स्टँडवर. खिडकीत बसून गाड्या सोडायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माईक सुटला. बाकी काही सुटलं नाही.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, शाळंला किती वाजता निघणार?"

"दहाच्या सुमारास."

"सुमारास कुठली गाडी सुटत न्हाई," ते म्हणाले. "नऊ पन्नास लिवतो."

आणि खरोखरच जिन्याखालच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं. त्या फळ्यावर घरातल्या सगळ्याच्या वेळा असत. नळाचं पाणी, दूधवाला, त्यांची रक्तदाबाची गोळी, आणि त्या दिवसापासून मी. माझं घर शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. शनिवारी दुपारी मी घरी जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची, तेही फळ्यावर होतं. एका सोमवारी गाडी चुकून मी तासभर उशिरा पोचले तर ते ओट्यावर उभे होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कळवायचं व्हतं. माणूस वाटंकडं बघत बसतं."

लग्नकार्याला ते पत्रिकेवरच्या वेळेला हजर. एका लग्नात मुहूर्त बारा एकतीसचा होता आणि नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी मित्रांच्या नाचात अडकलेला. बारा एकतीसला कंट्रोलर उठले, रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या, नवरीच्या बापाला नमस्कार केला आणि घरी आले. नवरीचा बाप पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यांना त्याचं कारण कळलंच नाही, असं मला वाटतं.

पण लोकांना ते हवे असत, कारण सहलीचा दिवस त्यांच्यासारखा कुणी आखून देत नसे. पुण्या-मुंबईचे पाव्हणे आले की लोक त्यांना कंट्रोलरकडे घेऊन यायचे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, एका दिवसात. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ते रेघा मारून तक्ता करायचे. लेण्याद्रीच्या पायऱ्या किती आहेत हे त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही, पण वेळ पाठ होती. "गुडघंवाल्याला पंचेचाळीस मिंटं. गणपतीपुढं पंधरा. उतरायला पंचवीस. माकडांसाठी पाच." आणि प्रत्येक तक्त्यात एक ओळ असायची, तीत एकच शब्द, राखीव. "टायर बसतो, पोराचं पोट बिघडतं, म्हातारीला कोण वळखीचं भेटतं. पंधरा मिंटं मोकळी ठेवली की दिवस मोडत न्हाई," असं ते समजावून सांगत.

स्वतः मात्र ते कुणाकडे मुक्कामाला गेल्याचं मी पाहिलं नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. "मुक्काम केला की माणूस मिंधा व्हतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात ते एकटेच होते. बायको वारलेली. मुलगा दुबईला, एवढं मला माहीत होतं. त्याच्याबद्दल ते कधी बोलत नसत, आणि मुलाचा फोन आल्याचंही मी ऐकलं नाही.

ते का, हे मला समोरच्या कापडदुकानातल्या भाभींनी सांगितलं. त्यांचं कुटुंब मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या जुन्नरात. कंट्रोलरची बायको त्यांची मैत्रीण होती. ती गेली तेव्हा मुलाने दुबईहून पहाटे फोन केला होता, तिकीट मिळालंय, दोनपर्यंत पोचतो, थांबा. कंट्रोलरनी आधीच सगळ्यांना अकराची वेळ सांगितली होती. भावकीने समजावलं, भाभींच्या सासऱ्यांनी हात जोडले. हे घड्याळाकडे बघत बसले. अकरा वाजले आणि उठून म्हणाले, "चला."

मुलगा सव्वादोनला आला, तो थेट नदीवर. चिता पेटून तीन तास होत आले होते. तो वडिलांच्या घरी आला नाही. पिंपळवंडीला मामाकडे राहून त्याने दिवस केले आणि तिथूनच परत गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

"दुष्ट नाहीत हो ते," भाभी म्हणाल्या. "त्या दिवशी त्यांना दुसरं काही सुचलंच नसेल. वेळ पाळणं तेवढं येत होतं, तेवढं केलं."

मी राहायला गेल्याच्या सातव्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपवून आले, तर कंट्रोलर जिन्याशीच उभे. "बाई, तुमच्या मोबाईलवर दुबई दिसंल का?"

मी नकाशा काढून दिला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एका दिवसात बसवायची हाय."

मला गंमत वाटली. सत्तरी ओलांडलेला माणूस, विमानात कधी बसलेला नाही, आणि दुबई एका दिवसात. मी म्हटलं, निदान चार दिवस तरी जा. लोक आठवडाभर राहतात.

"राहायचं कुठं आन् कशाला? सकाळी उतरायचं, रातच्या इमानानं परत."

त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी शाळेतून आले की अर्धा तास आमची दुबई चालायची. मी मोबाईलवर शोधायची, ते तक्ता करायचे. तक्त्याला दोन रकाने होते, 'आपली वेळ' आणि 'तिथली वेळ', कारण तिथलं घड्याळ दीड तास मागे. विमानतळावरून मेट्रो. मेट्रोत एक भारीचा, सोनेरी पाटीचा डबा असतो हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "आपुन मागच्या डब्यात." खाडी ओलांडायला लाकडी होडी, वीस मिनिटं. सोन्याचा बाजार, बाहेरून, पंचवीस. जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर जायचं तिकीट असतं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "वर जाऊन काय बघायचं? उंची खालनंच कळती." तिच्यासमोरच्या कारंज्याला संध्याकाळची वीस मिनिटं दिली. नकाशा एखादं अंतर पायी दहा मिनिटं दाखवी, ते पंधरा लिहीत. "नकाशात ऊन धरत न्हाईत," म्हणत.

पासपोर्ट झाला. चौकशीला आलेला पोलीस सांगितल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आला, त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले. नारायणगावच्या एका एजंटाने व्हिसा आणि तिकीट करून दिलं. दिवस ठरला मार्चमधला. आपल्या माणसाच्या अंगाला तिथलं ऊन सोसेल असा तो शेवटचा महिना, असं त्यांचं म्हणणं.

तक्ता पुरा झाला तेव्हा मी तो वाचला. मध्येच एक ओळ होती, तिथल्या वेळेने पावणेबारा ते एक, राखीव. सव्वा तास.

"एवढं राखीव?" मी विचारलं.

"परमुलूख हाय," ते म्हणाले आणि कागद ओढून घेतला.

राखीवच्या आधी ज्या मेट्रो स्टेशनवर ते उतरणार होते, ते मी रात्री नकाशात पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती हॉटेलं. मुलगा एका मोठ्या हॉटेलात एसीच्या देखभालीचं काम करतो, हे मला भाभींकडून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बाई, ह्ये तिकडं कुणाला कळवायचं न्हाई."

"तिकडं म्हणजे?"

"तिकडं म्हंजी तिकडं. शब्द द्या."

मी शब्द दिला.

तो मी पंधरा दिवस पाळला. मग मला राहवेना. एवढ्या मोठ्या शहरात हे एकटे, भाषा येत नाही, खिशात एक तक्ता. आणि खरं सांगायचं तर, बाप-लेकांची भेट आपल्यामुळे घडली असं पुढे कुणी म्हणेल, हेही मनात होतं. मी पिंपळवंडीच्या मामांकडून मुलाचा नंबर मिळवला आणि शाळेच्या मैदानात उभं राहून फोन लावला.

मी कोण ते सांगितलं. तुमचे वडील दुबईला येताहेत, एवढं मी म्हणाले. मग त्याने विचारलं, "किती दिवस?"

"एक."

तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते, पण वाईटही नव्हतं. "एकच. बरोबर. विमान किती वाजता उतरतंय?"

"तिथल्या साडेसहाला."

"त्यांना सांगू नका. मी रजा टाकतो, विमानतळावरच उभा राहतो."

राखीवच्या ओळीबद्दल मी त्याला काही बोलले नाही. आता तिची गरजच काय, असं वाटलं.

ते निघाले त्या दिवशी भाभींनी पेढ्यांचा पुडा दिला, तो त्यांनी परत केला. ओझं नको. खांद्याला एक पिशवी, तीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तक्ता. तक्त्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. स्वतःचा साधा मोबाईल त्यांनी नेला नाही. "वाटंत कुणाला फोन करायचाय," म्हणाले.

दुबईचा तो दिवस इकडे दहावीच्या परीक्षेचा होता. मला पर्यवेक्षण होतं. आम्हा सगळ्यांचे मोबाईल केंद्रावर गेल्या गेल्या कपाटात बंद करून ठेवत. पावणेतीनला कपाट उघडलं तेव्हा माझ्या मोबाईलवर नऊ मिस्ड कॉल होते, सगळे कंट्रोलरच्या मुलाचे. आणि एक मेसेज. साडेतीन तास थांबलो. आले नाहीत. मला बघून दुसरीकडून गेले असतील. परत फोन करू नका.

मी लगेच फोन लावला. त्याने कट केला. मी एकदाच लावला. दुसऱ्यांदा लावायला हवा होता. तक्त्याचा फोटो पाठवायला हवा होता. पण त्याचा तो मेसेज वाचून मी घाबरले, आणि मला वाटलं, बघू, ते परत आले की कळेल काय झालं.

निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोलर परत आले. अंघोळ करून ओट्यावर बसले आणि मला हाक मारली. प्रवास त्यांनी ओळीने सांगितला. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, हाऊ मेनी डेज. यांनी एक बोट दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा एक बोट दाखवलं. मग यांनी तक्ता काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट पाहिला, आणखी एकाला बोलावून दाखवला आणि शिक्का मारला. मेट्रोबद्दल ते जरा थांबून बोलले. "डायवर न्हाई बाई तिला. कंट्रोलर बी न्हाई. तरी गाडी मिंटाला येती. मग आमी जलमभर काय केलं?"

होडी चांगली होती. सोन्याच्या बाजाराला पंचवीस मिनिटं लिहिली होती, तीही जास्त झाली. उंच इमारत उंच होती.

"आणि राखीव?" मी विचारलं.

त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "त्याच्या हाटेलाच्या मागल्या गेटावर गेलो व्हतो. कामगारांचं गेट. बाराला पाळी सुटती, मामाकडनं इचारून ठेवलं व्हतं. वॉचमननं स्टूल दिलं, पर बसलो न्हाई. बसलेला माणूस दिसत न्हाई चटकन."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"लई माणसं भाईर पडली. समद्यांची तोंडं बघितली. एक वाजंस्तवर थांबलो." मग म्हणाले, "त्यानं आतनंच बघितलं असंल. दुसऱ्या गेटानं गेला असंल."

"असं कशावरून?"

"मी त्याला थांबलो न्हवतो. त्यो मला कशापाई थांबंल?"

बायकोच्या त्या दिवसाबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच वाक्य.

तेव्हाच मला सांगता आलं असतं. तुमचा मुलगा साडेतीन तास विमानतळावर उभा होता, एवढंच वाक्य. जगात ते फक्त मला माहीत होतं. वडील गेटवर होते हेही आता मला माहीत होतं, आणि मुलाला ते कळवायला एक मेसेज पुरला असता. पण एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळणार, आणि मग मी शब्द मोडला हे कंट्रोलरना कळणार. मी म्हणाले, "चहा ठेवते तुमच्यासाठी." आणि आत गेले.

त्यानंतर ते हळूहळू बदलले. कुणी पाव्हणे घेऊन आलं तर म्हणायचे, "आता समदं मोबाईलवर असतंय, त्यातच बघा." कॅलेंडरची पानं तशीच पडून राहिली. पावसाळ्यात नळाच्या पाण्याची वेळ बदलली, तरी फळ्यावर जुनीच राहिली. मी नऊ पन्नासच्या ऐवजी दहाला उतरले तरी ते काही म्हणत नसत. मी रोज जिना उतरताना ठरवायची, आज सांगायचं. ते ओट्यावर बसलेले दिसायचे. मी चप्पल घालून निघून जायची.

ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेने माझी बदली घोडेगावच्या शाळेत केली. मला घरून जाता येईल अशी शाळा मिळाली, सगळ्यांनी पेढे मागितले. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला, खोलीची किल्ली मी त्यांच्या हातात दिली, आणि मग सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात.

ते रागावले नाहीत. विचारलं, "किती वाजल्यापसनं?"

"तिथल्या साडेसहापासून."

"कुठवर?"

"दहापर्यंत."

त्यांनी मनात हिशोब केला. "इमान पंचवीस मिंटं आधी उतरलं व्हतं," ते सावकाश म्हणाले. "पिशवी खांद्याला. मी समद्यांच्या आधी भाईर पडलो. त्यो वाटंत असंल तवा." टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "उभा व्हता का बसला व्हता?"

मला माहीत नव्हतं. "उभा," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. "नंबर."

मी नंबर लिहून दिला. तो त्यांनी दोनदा वाचला, एक आकडा नीट करून घेतला आणि आत गेले. मला निरोप दिला नाही. मी टेम्पोत बसले.

एकोणीस दिवसांनी भाभींचा फोन आला. सकाळी दूध घ्यायला कंट्रोलर उठले, ओट्यावर बसले आणि तिथेच गेले. भावकीने मुलासाठी अंत्यविधी थांबवून ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी पहाटे पोचला. मी दहाव्याला गेले.

विधी आटोपून लोक पांगल्यावर मुलगा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. चाळिशी ओलांडलेला, डोक्याचा गोटा केलेला. बसायची ढब हुबेहूब वडिलांची, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तुम्ही वरच्या खोलीतल्या बाई."

"हो."

"रोज फोन यायचा त्यांचा," तो म्हणाला. "माझी पाळी बाराला सुटते, बाराला फोन. पहिल्या दिवशी दोघंही काही बोललो नाही. चार मिनिटं नुसता फोन कानाला. मग त्यांनी विचारलं, जेवलास का. नंतर कामाचं विचारायला लागले. मेट्रोचं. दिवाळीला येतो म्हटलं तर म्हणाले, चांगला महिनाभर ये." त्याने गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "आईचं एकदाच बोलले. चुकलं म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या आता."

आत भाभी भांडी आवरत होत्या. तो म्हणाला, "ते गेटवर होते, हे तुम्हाला कधी कळलं?"

"ते परत आले त्याच दिवशी. मार्चमध्ये."

"आणि मी थांबलो होतो हे त्यांना सांगितलंत ऑगस्टमध्ये."

"हो."

"मलाही सांगितलं नाहीत."

"नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. घोडेगावला मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. तुम्हीच फोन करू नका म्हणालात, असं एक होतं. योग्य वेळ बघत होते, असं एक होतं. त्याच्या समोर मी त्यातलं एकही दिलं नाही.

"मला वाटलं, मी शब्द मोडला म्हणून ते मला खोली सोडायला सांगतील," मी म्हणाले. "शाळेच्या जवळ होती."

त्याने जिन्याकडे पाहिलं, मग वरच्या खोलीच्या खिडकीकडे.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.